निकाल ठरलेला, जखम खरी

फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीने सांगून टाकले, की आमच्या कुस्त्या म्हणजे काही खरा मुकाबला नव्हे, तो करमणुकीचा कार्यक्रम आहे. सांगण्यामागे तत्त्वबित्त काही नव्हते. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आले, परवाने आले, दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावरचा कर आला. करमणूक म्हटली की हे सगळे टळत होते. प्रेक्षकांपैकी फारसे कुणी दचकले नसेल. पण धंद्याच्या आतून पाहिले तर ही मोठीच गोष्ट होती. निकाल आधी ठरलेला असतो हे बाहेरच्या कुणाजवळही बोलायचे नाही, हा तिथला पिढ्यानपिढ्यांचा दंडक. त्याला पैलवान ‘केफेब’ म्हणत. डिसेंबर १९८४ मध्ये जॉन स्टॉसेल या टीव्ही पत्रकाराने डेव्हिड शुल्ट्झ या पैलवानाला तोंडावर सांगितले, की हे सगळे खोटे आहे असे मला वाटते. शुल्ट्झने त्याच्या दोन्ही कानांवर एकेक थप्पड देऊन त्याला दोनदा खाली पाडले. जे गुपित राखायला चार वर्षांपूर्वी पैलवान हात उगारत होता, ते आता मालकांनीच सरकारदरबारी नोंदवले. हार्डकोर म्हणून जो रक्तबंबाळ प्रकार पुढच्या दहा वर्षांत फोफावला, तो या कबुलीला धंद्याने दिलेले उत्तर होते, असे माझे म्हणणे आहे. निकालावरचा विश्वास विकता येईना, तेव्हा जखमेवरचा विश्वास विकायला काढला गेला. आणि हा उद्योग कुणा उपऱ्याने केला असेही नाही. त्यात सर्वांत पुढे होता तो या धंद्यातल्या अस्सल घराण्यातला, स्वतः जगज्जेता राहिलेला माणूस. त्याचे नाव टेरी फंक.

फंकचा जन्म ३० जून १९४४ चा, इंडियाना राज्यातल्या हॅमंडचा. पण वाढला टेक्सासातल्या अमारिलोत. वडील डोरी फंक सीनियर स्वतः पैलवान आणि त्या टापूतल्या कुस्त्यांचे मालकही. तेव्हा अमेरिकेतला हा धंदा मुलखामुलखांत वाटलेला होता. १९४८ साली आयोवा राज्यात स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सचे सदस्य आपापला मुलूख सांभाळत, एकमेकांच्या हद्दीत शिरत नसत, आणि सगळ्यांत मिळून एकच जगज्जेता गावोगाव फिरे. निकाल ठरलेले असले तरी जगज्जेता निवडताना शक्यतो अस्सल कुस्ती येणारा गडी पाहिला जाई. समोरच्याने आयत्या वेळी ठरलेले मोडून पट्टा लाटायचा म्हटले तर त्याला आवरता आले पाहिजे. टेरीचा थोरला भाऊ डोरी ज्युनियर १९६९ ते १९७३ अशी चार वर्षांहून अधिक काळ जगज्जेता होता. टेरीने १० डिसेंबर १९७५ ला मायामी बीच इथे जॅक ब्रिस्कोला हरवून तोच पट्टा घेतला आणि ६ फेब्रुवारी १९७७ ला टोरोंटोत हार्ली रेसकडून गमावला. दोन सख्ख्या भावांनी हा पट्टा मिळवल्याचे दुसरे उदाहरण नाही. म्हणजे पुढे काटेरी तारेत लोळणारा हा माणूस डाव येत नव्हते म्हणून तिकडे वळला, असे म्हणायला जागाच नाही. त्या घरात दोन्ही विद्या होत्या. थोरले फंक टेक्सास डेथ मॅचसाठी नावाजलेले. या लढतीत चीत करून भागत नाही. चीत झालेल्याला थोडी उसंत मिळते, मग दहा आकडे मोजतात, आणि त्याला उठवेना तेव्हाच लढत संपते. डोरी त्यांच्याकडून पकडी शिकला असेल, तर टेरी हे दहा आकडे शिकला.

त्याची पहिली मोठी पावती अमेरिकेत नव्हे, जपानात फाटली. १५ डिसेंबर १९७७ ला टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये जोड्यांच्या स्पर्धेची शेवटची लढत होती. एकीकडे फंकबंधू, दुसरीकडे अब्दुल्ला द बुचर आणि द शेख. अब्दुल्लाने जेवणाचा काटा काढला आणि टेरीच्या उजव्या दंडात खुपसायला सुरुवात केली. टेरी रिंगबाहेर गेला, दंडाला पट्ट्या बांधून घेतल्या; आत डोरी एकटा दोघांचा मार खातोय. मग टेरी परत आला. उजवा हात लोंबकळत, आणि डाव्या हाताने, त्या हाताची सवय नसलेल्या माणसासारखे ठोसे. सभागृह अक्षरशः उसळले, आणि टेक्सासातला हा गडी त्या रात्रीनंतर जपानी पोरासोरांचा लाडका झाला. या प्रसंगात काय खरे आणि काय बेतलेले, हे वेगळे काढून पाहण्यासारखे आहे. निकाल ठरलेला. काट्याची योजनाही ठरलेली. दंडातून आलेले रक्त खरे. पण लोकांना गहिवर आला तो नुसत्या रक्ताने नव्हे. अनवाणी माणूस खडीवर चालावा तसे ते डाव्या हाताचे अडखळते ठोसे, त्यांनी तो आणला. ते ठोसे हा शुद्ध अभिनय होता. जखम पुरावा देते. पण पुरावा वाचून दाखवायला कुणीतरी लागतो, आणि फंक त्यात अव्वल होता.

याची सर्वांत चोख साक्ष मेम्फिसमधल्या एका लढतीत मिळते, आणि तिथे प्रेक्षकच नव्हते. एप्रिल १९८१ मध्ये फंकने कांगावा केला, की मेम्फिसचे लोक आणि पंच तिथल्या जेरी लॉलर या पैलवानाच्या बाजूचे आहेत, तेव्हा मला रिकाम्या सभागृहात, पंचाविना लढत द्या. मिड-साउथ कोलिसियममधल्या हजारो खुर्च्या मोकळ्या. रिंगजवळ समालोचक लान्स रसेल आणि कॅमेरेवाले, बस्स. फंक शिव्या देत फिरतो आणि प्रत्येक शिवी छपराला आपटून परत येते. मारामारी होते, खुर्च्या पडतात, आणि एरवी गोंगाटात बुडून जाणारे सगळे आवाज ऐकू येतात: फळीवर पडलेले शरीर, श्वास, कण्हणे. शेवटी फंक लाकडाची टोकदार काठी घेऊन लॉलरच्या डोळ्यावर जातो. लॉलर लाथ घालतो, काठी फंकच्याच डोळ्यावर येते, आणि मग ‘माझा डोळा, माझा डोळा’ अशा त्याच्या किंकाळ्या त्या रिकाम्या जागेत घुमत राहतात. डोळ्याला अर्थातच काही झाले नव्हते. स्फोट नाही, काटेरी तार नाही, तरी हार्डकोरच्या साऱ्या इतिहासात इतके अंगावर येणारे फार थोडे सापडेल. माझ्या मते पुढच्या सगळ्या दारूगोळ्यापेक्षा हीच फंकची थोर कामगिरी. पण १९८१ मध्ये हे चालले, कारण पाहणाऱ्याच्या मनात ‘न जाणो, खरेच असले तर’ एवढी फट शिल्लक होती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. रक्त काही १९८९ नंतर वाहू लागले नाही. डेट्रॉईटचा द शेख कित्येक वर्षे लोकांची कपाळे फोडत होता. बोटाला गुंडाळलेल्या चिकटपट्टीत ब्लेडचा इवलासा तुकडा दडवून स्वतःच स्वतःच्या कपाळाला चीर द्यायची, घामात मिसळून रक्त पसरू द्यायचे, ही युक्ती त्याहून जुनी. मिसिसिपीतल्या टुपेलोत १९७९ साली खाद्यपदार्थांच्या टपरीत झालेली पैलवानांची मोहरीच्या बरण्यांची मारामारीही या कबुलीच्या दहा वर्षे आधीची. मग कबुलीचा संबंध काय? मला वाटते फरक रक्ताच्या प्रमाणात नाही, रक्ताच्या जागेत आहे. जुन्या काळी रक्त हे वैराच्या गोष्टीतले एक वळण असे. आधी अपमान, मग पाठीत वार, मग रक्त, मग सूड, असे महिनोन्‌महिने चाले आणि त्यावर गल्ला भरे. टेक्सास डेथ मॅचही वैर मिटवायला ठेवत, तेही क्वचित. नव्वदीत हा क्रम उलटला. आज काय वापरणार, तार की आग, हीच जाहिरात झाली. वैर असले काय, नसले काय. ज्या गोष्टीवर लोकांचा विश्वास राहिलेला नाही ती रंगवून सांगण्यात धंद्याला अर्थ दिसेना, तेव्हा गोष्टीतला जो भाग खोटा ठरवता येत नव्हता तेवढा त्याने पुढे केला.

याला जपानातून फार बोलका दुजोरा मिळतो. १९८८ मध्ये तिथे पैलवान अकिरा माएदा आणि त्याच्या साथीदारांनी यूडब्ल्यूएफ ही कुस्त्यांची कंपनी नव्याने उभी केली. दोरांवरून धावाधाव नाही, उड्या नाहीत. लाथा, सांध्यांवरच्या पकडी आणि हार कबूल होईपर्यंत झुंज. निकाल इथेही ठरलेलेच, पण दिसायला इतके खरे की तिकिटे हातोहात खपत. अत्सुशी ओनिता हा जायंट बाबा या जपानी पैलवानाच्या तालमीतला पठ्ठा. गुडघा गेल्यामुळे १९८५ मध्ये निवृत्त झालेला. तो यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमाला आव्हान द्यायला गेला तेव्हा त्याला ‘तिकीट आहे का?’ असे विचारून वाटेला लावले, ही हकीकत जपानी शौकिनांत प्रसिद्ध आहे. १९८९ च्या ऑक्टोबरात त्याने स्वतःची एफएमडब्ल्यू ही कंपनी काढली, आणि ४ ऑगस्ट १९९० ला टोकियोच्या शिओदोमेत रिंगचे दोर काढून तिथे स्फोटके जोडलेली काटेरी तार लावून टार्झन गोतोशी लढला. टोकियो स्पोर्ट्स या दैनिकाने तिला त्या वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवले. म्हणजे एकाच देशात, एकाच सुमाराला, एकाच अविश्वासाला दोन उत्तरे निघाली. माएदा म्हणाला, आमच्या पकडी खऱ्या. ओनिता म्हणाला, आमची तार खरी. आणि हा ओनिता हे शिकला कुठे? १९८१ मध्ये टुपेलोच्या त्याच टपरीतल्या दुसऱ्या मारामारीत तो स्वतः होता; अमेरिकेत अनुभव घ्यायला पाठवलेला कोवळा गडी म्हणून.

दुसरा आक्षेप असा की यात विश्वासबिश्वास काही नाही, हा निव्वळ गरिबीचा खेळ. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनसारख्या मोठ्या कंपनीकडे धिप्पाड देखणे पैलवान, रोषणाई, देशभर प्रक्षेपण. छोट्यांकडे काय, तर दुकानातून आणलेली तार आणि मोडायला दोन टेबले. ओनिताच्या बाबतीत हे बरेच खरे आहे. फिलाडेल्फियाच्या ईसीडब्ल्यू या छोट्या कंपनीचा मुक्काम तर एका बिंगो हॉलमध्ये होता. पण गरिबी पुरवठ्याचे कारण सांगते, मागणीचे सांगत नाही. स्वस्त वस्तू पुष्कळ असतात. लोकांनी हीच का विकत घ्यावी? शिवाय फंकला हे कारण लागू पडत नाही. त्याच्याकडे टेक्सासात गोठे-कुरणे होती, हॉलिवूडमध्ये किरकोळ का होईना कामे होती, १९८५-८६ मध्ये तो खुद्द त्या बड्या कंपनीत राहून आला होता. १९८९ चे त्याचे पुनरागमन पाहावे. ७ मे ला नॅशव्हिलमध्ये रिक फ्लेअरने जगज्जेतेपद मिळवले. परीक्षक म्हणून बसलेल्या फंकने आव्हान दिले. फ्लेअर म्हणाला, तू हॉलिवूडमध्ये रमला होतास, आधी रांगेत ये. फंकने त्याला रिंगबाहेरच्या टेबलावर डोक्यावर आपटले. नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथे दोघांची ‘मी हरलो’ म्हणायला लावणारी लढत झाली. शेवटी फंकने ते शब्द उच्चारले आणि हातही मिळवला. पंचेचाळिशीतल्या फंकने तिथे जे केले ते बापाचेच काम होते, फक्त टेबलाची भर घालून. त्या वेळी त्याच्यापुढे सुखाने निवृत्त होण्याचा रस्ता मोकळा होता. (निवृत्त तो १९८३ मध्येच झाला होता म्हणा, टोकियोत रडून निरोप घेतला आणि वर्षभरात परत आला. पुढे ओनितानेही या बाबतीत फंकचाच कित्ता गिरवला.)

नव्वदीतला फंक हा मुद्दा स्पष्ट करतो, कारण तो सगळीकडे आहे. ५ मे १९९३ ला कावासाकी स्टेडियममध्ये ओनिता आणि तो स्फोटक तारांच्या रिंगमध्ये लढले. वेळ संपली की सगळी रिंगच उडणार, अशी अट. ओनिता जिंकून बाहेर पडला, फंक आत बेशुद्ध, घड्याळ उलटे चालू. ओनिता परत आत धावला आणि स्फोटाच्या क्षणी फंकच्या अंगावर आडवा झाला. मुळात हा जुन्या पठडीतला भावनाट्याचा प्रवेश आहे. स्फोट त्याला नेपथ्य. तसाच १३ ऑगस्ट १९९४ चा प्रसंग. फिलाडेल्फियात हाणामारीच्या भरात फंकने प्रेक्षकांकडे एक खुर्ची मागितली. एक आली, मग दुसरी, मग चारी बाजूंनी लोखंडी खुर्च्यांचा पाऊस पडू लागला. प्रतिस्पर्धी जोडी त्या ढिगाखाली दिसेनाशी झाली आणि निवेदक लोकांना थांबायची विनंती करत राहिला. ते नियोजित नव्हते. लढत खोटी आहे हे पक्के ठाऊक असलेल्या माणसांनी आपणहून तिला खरे करायला हातभार लावला. कोल्हापूर-सांगलीच्या मैदानात नुरा कुस्ती लागली असा वास आला तर लोक हुर्यो उडवतात. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग-किंगकाँग पाहायला जमणारे लोक मात्र शंका बाजूला ठेवून शिट्ट्या मारत. फिलाडेल्फियाचा प्रेक्षक या दोन्हींपेक्षा वेगळा. त्याला फसायचे नव्हते आणि हुर्योही उडवायची नव्हती. त्याला सामील व्हायचे होते. १३ एप्रिल १९९७ ला ईसीडब्ल्यूने पैसे भरून घरी पाहायचा आपला पहिला कार्यक्रम केला, तेव्हा शेवटी पट्टा दिला तो बावन्न वर्षांच्या फंकला.

आता तिसरा आक्षेप, ज्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. कारागिरी म्हणा, परंपरा म्हणा. पण जी कला कारागिराचेच शरीर खाते तिचे कौतुक कशाला? ९ ऑगस्ट १९९७ ला फंक आणि साबू (हा द शेखचाच पुतण्या) दोरांऐवजी तार लावलेल्या रिंगमध्ये लढले. साबूचा दंड तारेने उघडा पडला. त्याने चिकटपट्टी मागून जखमेवरून गुंडाळली आणि लढत चालू ठेवली. शेवटी दोघे तारेत असे गुरफटले की कात्रीने कापून काढावे लागले. १९९२ मध्ये खुद्द द शेख, वयाच्या पासष्टीत, जपानातल्या आगीच्या लढतीत होरपळला. हे पाहून मान वळवावीशी वाटली तर ते स्वाभाविक आहे. फक्त एक भर घालावीशी वाटते. शरीरे मोडली ती केवळ तारेने नाहीत. चपळ, नेत्रदीपक कुस्तीचा आदर्श मानला गेलेला डायनामाइट किड पुढे चाकांच्या खुर्चीला खिळला, तो त्याच देखण्या उड्यांमुळे. एफएमडब्ल्यूचा हायाबुसा ऑक्टोबर २००१ मध्ये मानेपासून लुळा पडला. तोही स्फोटाने नाही, दोरावरून उलटी उडी घेताना पाय निसटल्याने. आणि २००७ मध्ये पैलवान ख्रिस बेनवाने पत्नी-मुलाला मारून आत्महत्या केली, त्यानंतर मेंदूच्या इजांची चर्चा सुरू झाली, तेव्हा बोट दाखवले गेले ते वर्षानुवर्षे डोक्यावर घेतलेल्या आघातांकडे; त्या बड्या कंपनीने खुर्चीने डोक्यावर मारण्यावर बंदी घातली २०१० मध्ये. यावरून हार्डकोर निर्दोष ठरत नाही. दिसणारी जखम न दिसणाऱ्या जखमेपेक्षा वाईटच असते, हा समज तेवढा डळमळतो.

फंकच्या मागून आलेल्यांत मिक फोली हा एकच त्याचा खरा वारस. २० ऑगस्ट १९९५ ला कावासाकीतच डेथ मॅचच्या राजाची स्पर्धा झाली, शेवटच्या लढतीत फोली आणि फंक. रिंग उडवणारा शेवटचा स्फोट फुसका निघाला. लोकांचा विरस झाला. दोघांनी शिडी आणली आणि लढत पुढे नेली. फोली जिंकला, आणि त्या रात्रीचे मानधन तीनशे डॉलर होते असे त्यानेच पुढे सांगितले. तीन वर्षांनी, २८ जून १९९८ ला, अंडरटेकरने त्याला पिट्सबर्गमध्ये पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली फेकले. केबलच्या कृपेने ते दृश्य महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनीही पुन्हा पुन्हा पाहिले आणि ‘खरे की खोटे’ यावर मधल्या सुट्टीत वाद घातले. फोलीनंतर मात्र बहुतेकांनी पडणेच उचलले. उंची वाढली, ट्यूबलाइट आल्या, आणि मार खाल्लेल्या माणसाचे ते डुलणारे पाय, फंकचे ते कण्हणे, मागे पडले. फंक २३ ऑगस्ट २०२३ ला वारला. त्याच्या दोन वर्षे आधी, ७ मार्च २०२१ ला, फ्लोरिडात केनी ओमेगा आणि जॉन मॉक्सली यांनी स्फोटक तारांची लढत केली, अगदी कावासाकीच्या धर्तीवर. शेवटच्या आकड्याला एडी किंग्स्टन मॉक्सलीला वाचवायला त्याच्या अंगावर आडवा झाला, ओनिता फंकवर झाला होता तसाच. रिंगच्या कोपऱ्यांतून फुलबाज्यांसारख्या चार ठिणग्या उडाल्या आणि थोडा धूर निघाला. किंग्स्टन बेशुद्ध पडल्याचा अभिनय करत राहिला, आणि लोकांनी हुर्यो उडवली. १९९५ च्या फुसक्या स्फोटानंतर फंक आणि फोलीजवळ अजून कुस्ती उरली होती. इथे सगळी भिस्त स्फोटावर होती.